गाळलेल्या वर्षाचे ऋण

दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षे काढून पदविका मिळवावयाची आणि मग अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यावयाचा, हा मार्ग महाराष्ट्रात आता चांगलाच रुळला आहे. बारावीच्या खर्चिक शिकवण्या ज्यांना परवडत नाहीत, अशा शेतकरी, कामगार आणि कारकुनांच्या मुलांना तो आधाराचा वाटतो. १८५४ साली पुण्यात सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा १८८७ सालची मुंबईची व्हीजेटीआय, अशा जुन्या नामांकित संस्थांची दारेही त्यातून उघडतात.

परंतु दारातून आत जाणे वेगळे आणि आत टिकणे वेगळे. पदवीचे पहिले वर्ष या विद्यार्थ्याला गाळता येते. त्या वर्षाचे गणित मात्र गाळता येत नाही. आंशिक विकलन, बहुसंकलन आणि मॅट्रिक्स वर्गाला येतात असे गृहीत धरूनच दुसऱ्या वर्षाचे प्राध्यापक पुढे जातात. एका टोकाशी तापवलेल्या लोखंडी सळईचे तापमान जागेनुसार बदलते आणि वेळेनुसारही बदलते. हा दुहेरी बदल मांडण्यासाठी जे गणित लागते, ते पदविकेत फारसे शिकवलेले नसते. फळा चिन्हांनी भरत जातो आणि पदविकेत पहिला आलेला मुलगा मागच्या बाकावर गप्प बसतो.

ही बुद्धीची उणीव नव्हे. उलट, लेथवर ज्याने स्वतः काम केले आहे, यंत्राचे आरेखन ज्याला वाचता येते, त्याची या शिक्षणात बाजू भक्कमच असावयास हवी. फरक आहे तो शिक्षणाच्या रोखाचा. पदविकेचा भर 'कसे' यावर असतो, तर पदवी 'का' हे विचारते.

म्हणूनच अंतिम परीक्षा आणि प्रवेश यांमधले आठवडे अत्यंत मोलाचे ठरतात. बहुतेकांचे ते गुणांच्या याद्या आणि महाविद्यालयांची नावे चाळण्यात जातात. त्याऐवजी अकरावी-बारावीच्या गणिताची पाठ्यपुस्तके प्रथम हाताखालून घालावीत, नंतर पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित घ्यावे. सोडवलेली उदाहरणे वाचून नव्हे, तर पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर सूत्र स्वतः सिद्ध करून. संदर्भग्रंथ इंग्रजीत असतात; त्यांची चार पाने रोज सावकाश वाचण्याची सवयही याच काळात लागू शकते.

तथापि सारा भार विद्यार्थ्यावर टाकून संस्थांना मोकळे होता येणार नाही. प्रवेशप्रक्रिया लांबली की ही मुले येण्यापूर्वीच वर्ग सुरू झालेले असतात. चुकलेल्या तासिकांची त्यात भर पडते. त्यांच्यासाठी गणिताचे पूरक वर्ग घेणे, आणि ते केवळ कागदोपत्री न घेणे, हे महाविद्यालयांचे कर्तव्य आहे. 'डिप्लोमावाले' असा शिक्का मारणाऱ्या शिक्षकाने तर आपण नेमके काय शिकवले, हे आधी तपासावे.

एक वर्ष वाचते, ही गरीब घराच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. पण त्या वर्षाचे ऋण राहतेच. ते प्रवेशापूर्वी फेडण्यास आरंभ केला तर श्रमांवर भागते. पुढे ढकलले, तर वाचलेले वर्षच व्याजापोटी द्यावे लागते.