वळणावरच्या बाणाचा धनी कोण?

पाम बीच मार्गावरून वाशीहून बेलापूरकडे निघालेली मोटार सपाट वळण घेते, तेव्हा तिच्यावर कोणती बलं काम करतात? या प्रश्नाच्या उत्तरात विद्यार्थी पुष्कळदा चार बाण काढतात. खाली वजन, वर रस्त्याची प्रतिक्रिया, केंद्राच्या दिशेने घर्षण आणि त्याच दिशेने आणखी एक ‘अभिकेंद्री बल’. वर्तुळाकार गतीची उदाहरणं चुकतात ती बहुधा या चौथ्या बाणामुळे. वजन पृथ्वीमुळे असतं, प्रतिक्रिया आणि घर्षण रस्त्यामुळे. चौथा बाण कोणामुळे? कोणामुळेच नाही. मोटारीला केंद्राकडे वळवण्याचं काम घर्षणच करतं. गोफणीत तेच काम दोरीचा ताण करतो आणि चंद्रासाठी पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण.

एवढं पटलं की गणित सरळ होतं. वळणाची त्रिज्या 200 मीटर आणि ओल्या रस्त्याचा घर्षणांक 0.4 धरू. केंद्राकडचं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. घर्षण जास्तीत जास्त वजनाच्या 0.4 पट मिळू शकतं. दोन्हींची सांगड घातली की वस्तुमान उडून जातं आणि कमाल वेग येतो सेकंदाला 28 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 100 किलोमीटर. पण वेग दुप्पट केला तर घर्षण चौपट लागतं, आणि पावसाळ्यात रस्ता तेवढं देऊ शकत नाही. वस्तुमान उडालं, म्हणून गाडी जड असली तरी ही मर्यादा वाढत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘वळणावर आपण बाहेर फेकले जातो, हा तर रोजचा अनुभव आहे.’ अनुभव खराच आहे. हायगेन्सने 1673 मध्ये प्रसिद्ध केलेला विचारही बाहेरच्या ओढीचाच होता. केंद्राकडच्या बलाला मध्यवर्ती स्थान दिलं ते न्यूटनने, 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’त. मोटारीत बसूनच हिशेब मांडायचा असेल, तर अपकेंद्री बल जरूर घ्यावं. मात्र तेव्हा मोटार स्थिर मानावी लागते आणि सगळ्या बलांची बेरीज शून्य यावी लागते. रस्त्यावर उभं राहून हिशेब करणाऱ्याने तो बाण उसना घेऊ नये. दोन्ही जागांवरून एकदम पाहिलं की उत्तर हमखास चुकतं.

दुसरा आक्षेप सीईटीचा: तिथे वेळ कमी, मग सूत्र पाठ केलेलं काय वाईट? सपाट वळणापुरतं ते चालेलही. पण गाडी उड्डाणपुलाच्या माथ्यावर पोचली की केंद्र खाली जातं, प्रतिक्रिया वजनापेक्षा कमी होते आणि पाठ केलेलं सूत्र तिथे लागूच पडत नाही. बाणांची आकृती मात्र दोन्हीकडे चालते, आणि ती काढायला अर्धं मिनिटही लागत नाही. म्हणून शिक्षकांना एक विनंती: उत्तर तपासण्याआधी मुलांना प्रत्येक बाणाशेजारी तो कोणामुळे आहे ते लिहायला लावा, आणि ज्याला धनी सापडणार नाही तो खोडायला सांगा.