स्कॅनर पार्टचं नाव सांगत नाही

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की रायपूरच्या गॅरेजमध्ये ‘स्कॅनर लगाना पड़ेगा’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. त्यातूनच समज पक्का झाला आहे की स्कॅनर लावला म्हणजे बिघडलेला पार्ट कळला, आणि घरी असं यंत्र घ्यायचं तर जास्तीत जास्त कोड वाचणारं घ्यावं. यातलं पहिलंच चूक आहे. एखाद्या सेन्सरचं किंवा यंत्रणेचं मोजमाप मर्यादेबाहेर गेलं, एवढंच कोड सांगतो. ते का गेलं, हे सांगत नाही. पी०११३ हा कोड घ्या. इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचा तो कोड. तो पाहून नवा सेन्सर मागवला जातो. पण उरला-सिलतरा या औद्योगिक पट्ट्याच्या धुळीत चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर वरचेवर काढावा लागतो आणि तो बसवताना सेन्सरचा प्लग सैल राहू शकतो. अशा वेळी स्कॅनरचा लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, उघडला, तर मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना पडद्यावर हवेचं तापमान उणे चाळीस दिसतं. सर्किट तुटलं आहे, हे त्या आकड्यावरूनच कळतं. आधी प्लग नीट दाबून बसवायचा, मग तार तपासायची. नव्या सेन्सरचा विचार त्यानंतर.

म्हणून घरच्यासाठी स्कॅनर निवडताना कोडची संख्या नव्हे, लाइव्ह डेटा बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी. कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप असू शकतं, मळलेला एअरफ्लो सेन्सर असू शकतं, कमजोर फ्युएल पंपही असू शकतं. फ्युएल ट्रिमचा, म्हणजे इंजिनचा संगणक पेट्रोल किती वाढवतो-घटवतो याचा, आकडा आयडलिंगला खूप वर आणि अडीच हजार आरपीएमला जवळजवळ शून्यावर येत असेल, तर संशय हवेच्या गळतीवर जातो. लोड वाढेल तसा तो चढत गेला, तर पंप, फिल्टर किंवा एअरफ्लो सेन्सरकडे बघायचं. नुसता कोड दाखवणाऱ्या यंत्राला हा फरक दाखवताच येत नाही. यावर कोणी म्हणेल, हे काम मिस्त्रीचं. दुरुस्ती त्याचीच, पण खर्चाला होकार मालक देतो आणि त्या होकारासाठी हे आकडे हाताशी हवेत.

‘सोळा पिनांचं सॉकेट आहे, म्हणजे कोणताही स्कॅनर चालेल’ हा समज रायपूरमध्ये विशेष महाग पडू शकतो. आपल्याकडे ओबीडीची, म्हणजे बिघाड ओळखून कोड नोंदवणाऱ्या गाडीतल्या यंत्रणेची, सक्ती भारत स्टेज-४ या प्रदूषण निकषासोबत आली. तो निकष २०१० मध्ये आधी तेरा शहरांत लागू झाला. त्यांत रायपूर नव्हतं, आणि देशभर तो १ एप्रिल २०१७ पासून आला. त्यामुळे मधल्या वर्षांतल्या भारत स्टेज-३ गाडीत सॉकेट असूनही आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. तिथे साधा स्कॅनर गप्प बसतो. उलट टोकाला, महागडं यंत्र म्हणजे सगळं आलं, असंही नाही. एबीएस, एअरबॅग, डिझेलच्या डीपीएफचं (काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) सक्तीचं रीजनरेशन यांसाठी त्या विशिष्ट मॉडेलचा सपोर्ट लागतो, आणि ही कामं घरी फार क्वचित पडतात.

कोड ‘क्लिअर’ करून दिवा गेला म्हणजे गाडी बरी झाली, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. क्लिअर करताना फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, म्हणजे बिघाड नोंदला गेला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान, सगळंच जातं. गाडीच्या स्वयंतपासण्याही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. कारण तसंच राहिलं, तर दिवा नागपूरच्या वाटेवर देवरीच्या घाटात पुन्हा लागू शकतो आणि हातात पुरावा काहीच उरलेला नसतो. तेव्हा आधी फोटो काढा, दुरुस्ती करा, मग क्लिअर करा.

विकत घेण्यापूर्वी आपल्या मॉडेलचं आणि वर्षाचं नाव सपोर्टच्या यादीत शोधा. सॉकेटमध्ये लावून फोनवर आकडे दाखवणारा डोंगल घेणार असाल, तर आयफोनला साधा ब्लूटूथ डोंगल सहसा जोडला जात नाही, हेही आधी बघा. यंत्र आलं की परत करण्याच्या मुदतीतच ते गाडीला लावून फ्युएल ट्रिम, कूलंटचं तापमान आणि फ्रीझ फ्रेम दिसते का ते तपासा; दिसत नसेल तर परत करा. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा, कारण सॉकेटची सोळावी पिन गाडी बंद असतानाही बॅटरीला जोडलेली असते.