पॅरिसहून पॅरिसला, व्हाया वर्सोवा

लूव्हर संग्रहालयासमोरच्या काचेच्या पिरॅमिडपाशी, टूरच्या गर्दीत, सदाशिव पेठेतल्या एका नवरा-बायकोची चुकामूक झाली आहे असं समजा. दोघांत अंतर फार तर पन्नास पावलांचं. बाई नवऱ्याचा नेहमीचा नंबर लावतात. "अहो, कुठे आहात? मी इथे खांबापाशी उभी आहे." "हां, दिसलीस." झालं, दहा सेकंदांत काम झालं.

त्या दहा सेकंदांत आवाजाने काय काय केलं ते बघा. पॅरिसच्या टॉवरवरून तो निघाला तो भारताकडे, कारण नंबर भारतातला. ही वाट समुद्राखालच्या केबलची. अशा अनेक केबल एका टोकाला फ्रान्समध्ये, मार्सेच्या किनाऱ्यावर आणि दुसऱ्या टोकाला मुंबईत, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. भारतात कंपनीच्या यंत्रणेने वही उघडली, 'हे गृहस्थ सध्या फ्रान्समध्ये आहेत' अशी नोंद वाचली आणि कॉल आल्या वाटेने परत फ्रान्सला धाडला. पॅरिस ते मुंबई सरळ हवाई अंतरच सुमारे ७,००० किलोमीटर, म्हणजे पन्नास पावलांसाठी निदान १४,००० किलोमीटर! काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणून ही वारी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पत्ता लागतो तो बिलावर. बाईंना परदेशातून भारतात केलेल्या कॉलचे पैसे पडतात आणि यजमानांना नुसता फोन उचलल्याचे.

मला हे समजलं तेव्हापासून रोमिंगच्या बिलाकडे मी नकाशा म्हणून बघतो. आवाज आणि डेटा कुठून कुठे गेला, ते त्यात लिहिलेलं असतं.

पुणेकराला हा नकाशा खरं तर ओळखीचा असायला हवा. मोबाइल नवे होते तेव्हा मुंबईचं सर्कल वेगळं आणि महाराष्ट्र-गोव्याचं वेगळं. घाट उतरून दादरला मामाकडे गेलं की पुण्याचा फोन परगावचा होई आणि आलेला कॉल घ्यायलाही पैसे पडत. भारतात ती कटकट २०१७ च्या सुमारास जवळपास संपली. देशाबाहेर मात्र जुनाच हिशोब चालू आहे.

आणि परदेशाशी बोलण्याचं पुण्याचं नातं त्याहून कितीतरी जुनं आहे. १९२७ मध्ये मार्कोनी पद्धतीची बिनतारी 'बीम' सेवा भारत आणि इंग्लंडमध्ये सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवणारं केंद्र खडकीला होतं आणि घेणारं दौंडला. आपल्याच प्रक्षेपणाच्या गोंगाटात पलीकडून येणारी क्षीण लहर बुडू नये म्हणून दोन्ही ठिकाणं लांब ठेवलेली. पुढे नारायणगावजवळ आर्वीला विक्रम साराभाईंच्या नावाचं उपग्रह केंद्र उभं राहिलं आणि परदेशाचे फोन आकाशातून येऊ लागले. त्यानंतरचे आयएसडी बूथ अनेकांना आठवत असतील: काचेची खोली, डोळ्यांसमोर पळणारे मीटरचे लाल आकडे आणि त्यांच्याकडे बघत घाईघाईने उरकलेली खुशाली.

आता ते मीटर दिसत नाही, पण पळतं. विमान उतरलं आणि तुम्ही फोन चालू केलात की सिमकार्ड तिथल्या नेटवर्कला आपला १५ आकडी क्रमांक दाखवतं. सुरुवातीचे ४०४ किंवा ४०५ हे आकडे म्हणजे भारत. परकं नेटवर्क लगेच भारतात विचारणा करतं, 'हा तुमचाच का?' मग एक कोडं घातलं जातं. त्याचं उत्तर काढायला लागणारी गुप्त किल्ली जगात दोनच ठिकाणी असते, तुमच्या सिममध्ये आणि तुमच्या कंपनीकडे. ती किल्ली हवेतून कधीच पाठवली जात नाही, जातं ते फक्त उत्तर. उत्तर जुळलं की तुम्ही पाहुणे म्हणून दाखल. पाहुणचाराचा हिशोब, किती सेकंद, किती डेटा, ठरावीक साच्याच्या फायलींतून यजमान कंपनी तुमच्या कंपनीला पाठवते. या देण्याघेण्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं एसडीआर हे हिशोबी चलनही वापरतात. कुणाच्याच खिशात नसणाऱ्या चलनात आपल्या फोनचा हिशोब व्हावा, याचं मला अजून नवल वाटतं.

डेटाची तऱ्हा कॉलसारखीच. रोमिंगवर असताना पॅरिसच्या हॉटेलची वेबसाइट पॅरिसमध्येच उघडलीत, तरी मागणी सहसा आधी भारतात जाते, तिथून इंटरनेटवर उतरते आणि पुन्हा पॅरिसला येते.

एवढा रस्ता डोळ्यांसमोर आला की पैसे कुठे वाचतील ते आपोआप दिसतं. भारतातलं सिम चालू ठेवायचं, पण त्याचं 'डेटा रोमिंग' बंद. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात आणि बहुतेक भारतीय कंपन्या रोमिंगवर आलेल्या एसएमएसचे पैसे घेत नाहीत. मात्र रोमिंगची सोय निघण्याआधी चालू करून घ्यावी लागते. डेटासाठी तिथलं सिम किंवा ई-सिम घ्यायचं. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालू राहतं, कारण त्याला फक्त इंटरनेट लागतं, ते कोणत्या सिमचं याच्याशी देणंघेणं नसतं. दुबईला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तिथे व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलण्यावर बरीच वर्षं निर्बंध आहेत. आणखी एक, कॉल फॉरवर्डिंग निघण्यापूर्वी ##००२# लावून रद्द करावं. नाहीतर न उचललेला कॉलही तिकडे जाऊन परत भारतात वळवला जाऊ शकतो आणि दोन्ही फेऱ्या तुमच्या नावावर लागतात.

युरोपच्या टूरवाल्यांची खरी फसगत स्वित्झर्लंडला होते. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या देशांत एकमेकांची सिम घरच्या दराने चालतात, म्हणून फ्रान्सचं सिम इटलीत बिनघोर वापरता येतं. स्वित्झर्लंड त्या संघात नाही. बस डोंगरातून वळण घेते, खिडकीबाहेर गाई तशाच चरत असतात आणि फोनच्या दृष्टीने मात्र देश आणि दर दोन्ही बदललेले असतात. म्हणून सिम घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे का, हे विचारून घ्यावं. क्रूझवर तर फोन सरळ विमान मोडवर ठेवावा. भर समुद्रात तो जहाजावरच्या उपग्रह-नेटवर्कला जाऊन चिकटतो आणि ते फार महाग असतं.

परतीचं विमान मुंबईत उतरतं. ट्रॉलीची वाट बघत तुम्ही फोन चालू करता आणि पट्टीवर घरच्या कंपनीचं नाव उमटतं. त्याच क्षणी भारतातल्या वहीतून शेवटच्या परक्या नेटवर्कला निरोप जातो, 'आमचा माणूस पोचला, नाव खोडा.' तिकडे तुमची नोंद पुसली जाते आणि इकडे बॅग अजून पट्ट्यावर आलेलीही नसते.