पाय नसलेली चिप घरच्या बोर्डावर? हो, जमतं!

क्यूएफएन चिप बघून बरेच जण हात टेकतात. पाय नाहीत, सगळे पॅड पोटाखाली आणि पिच बहुधा ०.५ मिमी. त्यात फेरिक क्लोराइडने घरी एचिंग केलेल्या बोर्डावर सोल्डर मास्कही नसतो. तरी जमतं, मंडळी!

🔹 डिझाइन करतानाच पॅड चिपच्या कडेबाहेर अर्धा मिमी लांब काढा. गरज पडली तर तिथे सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवता येतं.

🔹 मधला मोठा पॅड बहुतेक वेळा ग्राउंड असतो, उष्णताही तिथूनच बाहेर जाते. त्याच्या मधोमध २-३ मिमीचं भोक पाडा आणि शेवटी मागच्या बाजूने सोल्डर भरा. समोरून जास्त सोल्डर घातलं तर चिप उचलली जाते, कडेचे पॅड अधांतरी राहतात.

🔹 ६३/३७ सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, नवशिक्यांना तेच सोपं. पॅडवर पातळ थर द्या. फ्लक्स मात्र सढळ हाताने.

🔹 आधी अख्खा बोर्ड गरम करा, मग चिपवर हॉट एअर गोल फिरवा. सोल्डर वितळलं की पृष्ठताणामुळे चिप स्वतःच सरकून जागेवर बसते. चिमट्याने हलकेच ढकला. परत जागेवर आली की काम फत्ते!

🔹 आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) साफ करून शेजारशेजारचे पॅड मल्टिमीटरने तपासा.

खिडकी उघडी ठेवा, सोल्डरमध्ये शिसं असतं म्हणून हात धुवा. आणि पहिला प्रयोग भंगारातल्या बोर्डावरच करा!