मत्स्यपेटीतील पाणी : निवळ आणि निर्मळ

घरात माशांची काचपेटी आणू पाहणाऱ्या गृहस्थाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पाणी शुद्ध करण्याचे यंत्र कोणते घ्यावे? दुकानदार चार यंत्रे पुढे मांडतो, किमतीकडे पाहून निवड होते आणि पेटी दिवाणखान्यात विराजमान होते. आठ-दहा दिवसांनी पाणी आरशासारखे दिसत असते, पण मासे मात्र एकामागून एक उलटे होऊन तरंगू लागतात. मुले हिरमुसतात आणि सारा राग यंत्रावर निघतो. आमच्या मते दोष बहुधा यंत्राचा नसून 'शुद्ध' या शब्दाचा आपण जो अर्थ करतो त्याचा असतो.

निवळीचे बी उगाळून किंवा तुरटी फिरवून गढूळ पाणी निवळ करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. गाळ तळाशी बसतो आणि पाणी डोळ्यांना गोड दिसते. परंतु माशांचा जीव घेणारी वस्तू डोळ्यांना दिसणारी नव्हे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया सतत बाहेर टाकीत असतो; विष्ठा व उरलेले अन्न कुजून त्यात भर पडते. नदीत तो विरून जातो, पण पेटीच्या चार भिंतींत तो जाणार कोठे? फडक्यातून गाळून मिठाचे पाणी गोड होत नाही, तसा विरघळलेला अमोनियाही कापसाच्या थरात अडकत नाही.

त्याचा बंदोबस्त करतात ते सूक्ष्म जंतू. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मातीतून असे जंतू वेगळे काढून दाखविले. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. हेही विषच, कारण त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती खुंटते. दुसरे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते पुष्कळच सौम्य असते. हे दुसरे काम नायट्रोबॅक्टर करतात असे फार दिवस मानले जाई. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने गोड्या पाण्याच्या पेट्यांत ते नायट्रोस्पायरा करीत असल्याचे दाखविले. पुढे २०१५ साली तर नायट्रोस्पायरांपैकी काही दोन्ही कामे एकट्यानेच उरकतात असे आढळले.

तेव्हा गाळणी म्हणजे मुख्यतः या जंतूंची चाळ होय. भाडेकरूंना दोनच गोष्टी हव्यात : चिकटून बसायला भरपूर जागा आणि प्राणवायूने भरलेले खेळते पाणी. यंत्राची परीक्षा करायची ती याच दृष्टीने.

दोन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद व उंच अशी पेटी घ्या. वाळू वगळता तीत सुमारे ५० लिटर पाणी राहते. तासाला चार-पाच वेळा सारे पाणी गाळणीतून फिरावे, असा एक ठोकताळा आहे. म्हणजे पंप तासाला २०० ते २५० लिटरांचा हवा. वेष्टनावरचा आकडा मोकळ्या पंपाचा असतो आणि गाळणीत मळ साचला की तो घटतो, हे लक्षात ठेवावे. एवढ्या पेटीला आम्ही हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणीच सुचवू. ती दिसायला गबाळी खरी, पण स्वस्त असते, पिल्लांना ओढून घेत नाही आणि पाण्यात हवाही मिसळते. काठावर टांगायची गाळणी मळ अधिक उचलते. गोल्डफिशसारखे खादाड मासे असतील तर ती बरी. पेटीबाहेर ठेवायची बंद डब्याची गाळणी मोठ्या पेट्यांना शोभते. मात्र वीज बराच वेळ गेली तर डब्यातील कोंडलेले जंतू गुदमरतात. वीज परतल्यावर ते कुजके पाणी पेटीत सोडण्यापूर्वी डबा उघडून पाहावा.

कोळशाने रंग, वास आणि औषधांचे अवशेष निघतात. काही आठवड्यांत त्याची शक्ती संपते. अतिनील दिव्याने पाण्यातील हिरवेपणा जातो, पण अमोनिया जसाच्या तसा राहतो. स्वयंपाकघरातील 'आर. ओ.' यंत्राचे पाणी फार शुद्ध म्हणून पेटीत ओतणे तर उलटे. माशांना लागणारे क्षारही त्यातून निघून गेलेले असतात. विंधणविहिरीचे पाणी फार जड असेल तर ते मिसळण्यापुरते वापरावे.

नळाच्या पाण्यातील क्लोरिन मासे आणि जंतू दोघांनाही मारक. उघड्या बादलीत पाणी एक दिवस ठेवावे, किंवा हायपो घालावा. स्पंज नळाखाली चकचकीत धुणारी माणसे आम्हांला नेहमी भेटतात. ती नकळत सबंध चाळच रिकामी करीत असतात. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळावा.

ही वस्ती भरायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या पेटीत मासे मरतात ते बहुधा याच काळात, यंत्र कितीही महाग असो. म्हणून आधी गाळणी चालू करून अन्नाची चिमूट टाकीत जावी; कोणाच्या जुन्या, निरोगी पेटीतील स्पंजाचा तुकडा मिळाला तर काम लवकर होते. थेंबांच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आधी चढून मग शून्यावर आले, की दोन-तीन लहान मासे सोडावेत, बाकीचे पंधरवड्याने. शेवटी उरते ते नायट्रेट. ते या घरगुती गाळण्यांपैकी कोणतीच काढीत नाही. त्यासाठी दर आठवड्याला बारा-तेरा लिटर पाणी काढून तेवढेच मुरवलेले पाणी घालावे लागते, आणि त्याला एक बादली व रबरी नळी पुरते.