जुन्या तलावावर छप्पर घालण्याआधी

सिंगापूरच्या तोआ पायोहमधला उघडा जलतरण तलाव १९७३ च्या आग्नेय आशियाई द्वीपकल्पीय क्रीडास्पर्धांसाठी बांधला गेला. स्पर्धा संपल्या आणि तो भोवतालच्या एचडीबी इमारतींमधल्या लोकांचा झाला. आता या परिसरात नवं क्रीडासंकुल, ग्रंथालय आणि पॉलिक्लिनिक असलेला प्रकल्प आखला आहे. जुन्या तलावाला नवी जोड कशी द्यायची, हा आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांसाठीही उत्तम अभ्यासविषय आहे.

समजा, तुमच्या मुलीला कॉलेजात हाच विषय मिळाला. तिच्या पहिल्या चित्रात बहुधा तलावावर देखणं छप्पर, कडेने काच आणि शेजारी तळघरात जिम असेल. या चित्राला दोन परीक्षा द्याव्या लागतील: जमिनीखालच्या पाण्याची आणि तलावावरच्या हवेची.

रिकामा तलाव तरंगतो

तोआ पायोह या नावाचा अर्थच 'मोठी दलदल'. 'तोआ' हा होक्कियन शब्द, 'पाया' हा मलय. अशा सखल, पावसाळी जागी भूजल वर असू शकतं. तिथे काँक्रीटचा तलाव म्हणजे जमिनीत रुतलेली होडीच.

हिशोब करून बघा. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद, २ मीटर खोल तलावात २५०० टन पाणी मावतं. तळ आणि भिंती ३० सेंटिमीटर जाड धरल्या, तर काँक्रीट साधारण ११०० टन भरतं. भूजल तळाच्या खालच्या बाजूपासून दीड मीटर वर असेल, तर आर्किमिडीजच्या नियमाने वर ढकलणारा जोर सुमारे १९०० टनांचा होतो. तलाव भरलेला असताना काळजी नाही. पण बांधकामासाठी तो रिकामा केला आणि तळ जमिनीत नीट जखडलेला नसला, तर तो उचलला जाऊन तडकू शकतो.

उलट, तळघर खणताना शेजारचं भूजल उपसलं, तर मऊ माती दबते आणि तलाव एका बाजूला खचतो. म्हणून आधी भूजलाची पातळी मोजायची आणि मगच तळघराची रेघ मारायची.

वास क्लोरीनचा नव्हे

बंदिस्त तलावात शिरताच येणारा तो उग्र वास आपण क्लोरीनचा म्हणतो. खरं तर तो मुख्यतः ट्रायक्लोरामाइनचा असतो. घाम आणि लघवीतल्या युरियासारख्या पदार्थांशी क्लोरीनची प्रक्रिया होऊन हा वायू बनतो. डोळे चुरचुरतात आणि खोकला येतो तो त्याच्यामुळे. उघड्या तलावावरून वारा त्याला घेऊन जातो. छप्पर आणि काच लावली की तो आतच साठतो.

धातूलाही ही हवा मानवत नाही. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी १९७२ साली बांधलेल्या बंदिस्त तलावाचं काँक्रीटचं छत ९ मे १९८५ रोजी कोसळलं आणि १२ जण दगावले. छत स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांना टांगलेलं होतं. क्लोराइडयुक्त दमट हवेत, सतत ताणाखाली असलेल्या त्या सळ्यांना बारीक भेगा पडत गेल्या होत्या. स्टेनलेस स्टील गंजत नाही, हा आपला स्वयंपाकघरातला अनुभव इथे दगा देतो.

मग करायचं काय?

सिंगापूरसारख्या गरम हवामानात तलाव उघडा ठेवणं किंवा बाजू मोकळ्या सोडून फक्त सावली देणं, हे सहसा सोपं उत्तर. बंदिस्तच करायचा असेल, तर पाण्याच्या पृष्ठभागाजवळची हवा खेचून बाहेर टाकणारी यंत्रणा हवी. छताचा भार पेलणारा प्रत्येक सांधा तपासता येईल असा हवा. आणि पाण्यात उतरण्याच्या वाटेवरच शॉवर हवेत, कारण अंग धुऊन उतरणाऱ्यांमुळे हा वायू मुळातच कमी तयार होतो.

तुमची मुलगी चित्र दाखवायला आली, तर कौतुक जरूर करा. मग दोनच प्रश्न विचारा: बांधकाम चालू असताना तलाव भरलेला असेल की रिकामा? आणि पाण्यावरची हवा कुठून बाहेर जाणार?