रेल्वे-फाटक, ट्रॅक्टर व विम्याची जबाबदारी

उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे भरलेल्या ट्रॉल्यांची रांग रेल्वे-फाटकाशीं खोळंबलेली आम्ही नेहमी पाहतों. चालक चिडतात, तें एक वेळ समजतें. पण अपघात झालाच तर भरपाई कोणाच्या पदरची जाणार, याचा विचार ट्रॅक्टरचे मालक क्वचितच करतात.

सन २००५ च्या फेब्रुवारींत नागपूर जिल्ह्यांत वऱ्हाडी मंडळींनीं भरलेल्या ट्रॉलीस बिनपहाऱ्याच्या फाटकावर आगगाडीची धडक बसून ५० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. ब्रॉडगेज मार्गावरील तशीं फाटकें सन २०१९ च्या जानेवारीअखेर नाहींशीं झालीं. कोठें पहारा बसला, कोठें पूल झाला. विम्यांतील फट मात्र बुजलेली नाहीं.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणें त्रयस्थांचा विमा सक्तीचा आहे. परंतु शेतीच्या ट्रॅक्टरची पॉलिसी शेतकामापुरतीच असते, बैठक एकट्या चालकाची, आणि ट्रॉलीचा हप्ता निराळा भरावा लागतो. लग्नाच्या घाईंत पॉलिसी वाचीत बसतो कोण! वीटभट्टीकडे माती नेणाऱ्या ट्रॉलीवरील एका मजुरास अपघात झाला असतां, त्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें सन २००७ मध्यें ठरविलें. मजुराची गरिबी पाहून कंपनीनें रक्कम आधीं द्यावी व मागाहून मालकाकडून वसूल करावी, असा हुकूम झाला. तो अपघात फाटकावरचा नव्हता. परंतु ट्रॉलींत माणसें असलीं म्हणजे फाटकावरही हाच प्रश्न उभा राहतो.

रेल्वेचा दोष असेल तर ती सुटत नाहीं. केरळांत सन १९७९ मध्यें बिनपहाऱ्याच्या फाटकावर बस व आगगाडी यांची टक्कर झाली होती. त्या प्रकरणीं सन १९९७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें रेल्वेसही भरपाईच्या दाव्यांत ओढतां येतें, असा निर्णय दिला. पण बंद फाटक स्वतः उघडणारास रेल्वे कायदा, १९८९ अन्वयें ३ वर्षांपर्यंत व फाटक मोडणारास ५ वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. अशा मालकानें रेल्वेकडे बोट दाखविण्यांत अर्थ नाहीं.

शिवाय इंजिनाच्या नुकसानीचा प्रश्न निराळाच. त्रयस्थाच्या मालमत्तेची हमी सामान्य पॉलिसींत ७.५ लाख रुपयांपर्यंत असते, आणि इंजिनाची किंमत कोटींत. वरची रक्कम मागितली गेली तर ती मालकाकडूनच.

पॉलिसीवर ट्रॉलीचा क्रमांक आहे कीं नाहीं, हें हंगामापूर्वीं पाहावें. माल चढविणारे-उतरविणारे मजूर जादा हप्ता भरून पॉलिसींत घालून घेतां येतात. तशी नोंद लेखी मागावी, एजंटाच्या तोंडी शब्दावर राहूं नये.